गरिबाच्या वकिलाचे शिक्षण कोणाच्या खर्चाने?

१ जुलै २०२४ रोजी देशाचा फौजदारी कायदा एका रात्रीत बदलला. १८६० ची दंडसंहिता, १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता ह्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. ह्या बदलाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली व पुढेही होत राहील. परंतु त्या वेळी घडलेल्या एका साध्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नवे कायदे शिकवण्यासाठी पोलिसांचे वर्ग भरले, न्यायाधीशांची शिबिरे झाली, सरकारी वकिलांनाही पाचारण करण्यात आले. त्यासाठी राज्याने संस्था उभ्या केलेल्या आहेत. पोलिसांची प्रबोधिनी नाशिकला आहे, न्यायाधीशांची उत्तनला आहे. तालुक्याच्या न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील मात्र पुस्तकांच्या दुकानात गेला आणि जुन्या-नव्या कलमांचा तक्ता असलेले पुस्तक स्वतःच्या पैशाने विकत घेऊन आला. बहुतेकांचे नव्या कायद्याचे शिक्षण तेवढ्यावरच आटोपले.

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीराकाठचे गाव. उसाचे शिवार, जवळच वालचंदनगरचा कारखाना, नदीपलीकडे सोलापूर जिल्हा. ह्या पट्ट्यातल्या एखाद्या ऊसतोड मजुराला किंवा गायरानात पाल टाकून राहिलेल्या पारध्याला पोलिसांनी उचलले, तर चोवीस तासांच्या आत त्याला इंदापूरच्या दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. गुन्हा सत्र न्यायालयात चालणारा असेल तर पुढचा खटला बारामतीस जातो, आणि जामीन मिळाला नाही तर माणूस शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या येरवड्याला. ह्या सगळ्या प्रवासाची दिशा पहिल्या दिवशीच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत ठरते. पोलीस कोठडी मागण्याचा अर्ज वाचला जातो, सरकारी वकील दोन वाक्ये बोलतो, दंडाधिकारी आरोपीला मारहाणीबद्दल तक्रार आहे काय असे विचारतात, पोलिसांकडे पाहून तो नाही म्हणतो, आणि हुकूम होतो. त्या मिनिटांत त्याच्या शेजारी कोण उभे आहे आणि त्याला काय येते, हा खरा प्रश्न आहे.

जाणता वकील त्या वेळी काय करतो? प्रथम तो अटकेची वेळ तपासतो. कागदावर लिहिलेली वेळ निराळी आणि पालावरून प्रत्यक्ष उचलल्याची वेळ निराळी, हा अनुभव जुना आहे. मग तो अटकेची कारणे लेखी दिली काय हे विचारतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिहिर राजेश शाह ह्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात स्पष्ट केले की ही कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, आणि कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी निदान दोन तास तरी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. ज्याच्या घरात पारधी बोली बोलली जाते आणि ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्या बाबतीत ह्या एका वाक्याचा अर्थ किती मोठा आहे! पण तो अर्थ दंडाधिकाऱ्यांपुढे कोणी तरी मांडावा लागतो. मग वय. मग अंगावरच्या खुणा व वैद्यकीय तपासणी. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अठ्ठेचाळीस तासांनी तपासणीचा नियम आहे. मग पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे व त्यांचे चित्रण साठवणे बंधनकारक केले आहे. ह्यांतले काहीही चमत्कृतीचे नाही, सगळे शिकवता येण्यासारखे आहे. न शिकलेला वकील वकीलपत्रावर सही घेतो आणि पुढची तारीख सांगतो.

नव्या संहितेने तर काही ठिकाणी धोका वाढवला आहे. पूर्वी पोलीस कोठडी ही सामान्यतः पहिल्या पंधरा दिवसांतली बाब होती. आता ते पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस सुटला असे समजून घरी परतलेल्या वकिलाला तीन आठवड्यांनी पुन्हा पोलीस कोठडीच्या अर्जाला उत्तर द्यावे लागेल, हे त्याला ठाऊक पाहिजे.

आणखी एक उदाहरण नेमके ह्याच मुलखातले म्हणता येईल. रात्रीच्या वेळी चार-पाच पारधी एकत्र सापडले की त्यांच्यावर 'दरोड्याच्या तयारी'चे कलम लागते. पूर्वी ते दंडसंहितेचे ३९९ होते, आता न्याय संहितेच्या ३१० मध्ये आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. दोषारोपपत्र ठराविक मुदतीत आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. ती मुदत गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांची. ज्या गुन्ह्याला 'दहा वर्षांपर्यंत' शिक्षा आहे, पण किमान शिक्षा दहा वर्षांची नाही, त्याला कोणती मुदत लावावयाची? २०१७ साली राकेशकुमार पॉल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने साठ दिवस असे उत्तर दिले. नव्या संहितेच्या १८७ व्या कलमात शब्द थोडे बदलले आहेत आणि त्या बदलाचा आधार घेऊन नव्वद दिवसांचा आग्रह धरला जाऊ शकतो. पॉल निकाल माहीत असलेला वकील एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज देतो व माणूस बाहेर येतो. माहीत नसलेला वकील थांबतो, ऐंशीव्या दिवशी दोषारोपपत्र येते आणि हक्क संपतो, कारण दोषारोपपत्रापूर्वी मागितला नाही तर हा हक्क उरत नाही. त्या माणसाचे पुढचे महिने, कधी वर्षे, तुरुंगात जातात. त्याची बायको खुरपणीला जाऊन तारखांचे पैसे जमवते. गरिबाच्या वकिलाचे शिक्षण आज चालते ते असे, गरिबाच्या तुरुंगवासाच्या खर्चाने.

पारध्यांचे नाव येथे वारंवार येते, ह्याला कारण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही ह्या भागाच्या आठवणीतून अजून पुसलेली नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातल्या संशयाची वही रद्द झाली नाही. जून १९९८ मध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मारहाणीने मृत्यू झाला, तेव्हा ह्या जमातींचा प्रश्न देशाच्या वर्तमानपत्रांत पोचला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही बजावले. निकाल उत्तम आहे. पण ठाणेदाराच्या टेबलावर तो आपल्या पायांनी चालत जाणार नाही. तो दाखवणारा माणूस लागतो.

नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम ह्या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढला तर त्याला जामिनावर सोडावे, आणि त्याला पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवले गेलेले नसेल तर एक तृतीयांश काळानंतरच सोडावे, अशी ह्या कलमाची उदार भाषा आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कैद्यांनाही त्याचा लाभ देण्यास सांगितले. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर ह्या सवलतीने सुटका होणार नाही. जिल्ह्यात कोठेही चोरी झाली की ज्याच्या नावावर एक प्रकरण चढते त्या माणसाला ह्या उदारतेतून काय मिळाले? एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने, तेही नेमके ज्याला गरज होती त्याच्याकडून, काढून घेतले. ह्यावर उपाय एकच. जुनी, पुरावा नसलेली, वर्षानुवर्षे पडून राहिलेली प्रकरणे एकेक करून निकालात काढणे, दोषमुक्तीचे अर्ज देणे आणि मग ४७९ खाली दाद मागणे. हे चिकाटीचे, हिशेबी, बिनप्रसिद्धीचे काम आहे. ते करण्याची रीत असते आणि ती कोणी तरी शिकवावी लागते.

बचाव दुबळा राहिला म्हणजे काय होऊ शकते ह्याची सीमा महाराष्ट्राने पाहिलेली आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतमजूर कुटुंबावर रात्री भयंकर हल्ला झाला, त्यात पाच जणांचा जीव गेला. त्या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना आरोपी करण्यात आले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच ठोठावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी, फेरविचारानंतर, त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अंकुश मारुती शिंदे व इतर ह्या प्रकरणात सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली आणि चुकार तपास अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांना कधी आरोपीच केले गेले नाही! सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता, हे फाशी कायम होऊन गेल्यानंतर, २०१२ साली निष्पन्न झाले.

सोळा वर्षे. ह्या प्रकरणात कोणत्या टप्प्यावर कोणता वकील होता हा येथे मुद्दा नाही, आणि मुख्य दोष तपास करणाऱ्यांचा आहे हे न्यायालयानेच सांगितले आहे. मुद्दा असा की छायाचित्रांवरून झालेली ओळख आणि आरोपीचे वय ह्या दोन गोष्टी खटल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारण्याच्या आहेत. दडवलेला कागद मागवावा कसा, ओळख परेडमधली खोट उलटतपासात बाहेर काढावी कशी, शाळेचा दाखला नसलेल्या भटक्याचे वय सिद्ध करावे कसे, हे विषय बचावाच्या वकिलाच्या अभ्यासक्रमात पहिल्या पानावर असावयास हवेत. पण असा अभ्यासक्रम आहे कोठे?

गरिबाला वकील मिळाला पाहिजे, हे तत्त्व ह्या देशात लढूनच मिळाले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी कैद्याला अपिलासाठी मोफत वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९८३ साली शीला बारसे ह्यांच्या पत्रावरून मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांच्या बाबतीत आदेश निघाले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. अशा रीतीने वकिलाचा हक्क मिळाला. तो वकील तयार असलाच पाहिजे, हे मात्र फार उशिरा उमगले. डिसेंबर २०१९ मध्ये अनोखीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे असे आले की मध्य प्रदेशात एका माणसासाठी ज्या दिवशी सरकारी खर्चाचा वकील नेमला गेला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षाही झाली. न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले, आणि जन्मठेप वा फाशीच्या खटल्यांत निदान दहा वर्षे वकिली केलेला वकील असावा व त्याला तयारीला किमान सात दिवस मिळावेत असा दंडक घातला.

२०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली. महाराष्ट्रात तिला लोक अभिरक्षक कार्यालय असे सुंदर नाव मिळाले आहे. पगारी, पूर्णवेळ, खाजगी वकिली न करणारा वकील ही कल्पना समाजवाद्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु ही यंत्रणा जिल्ह्याच्या ठिकाणाभोवती उभी आहे. तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढचा पहिला दिवस अजूनही बहुतांशी बाररूममध्ये त्या वेळी हाताशी असलेल्या तरुण वकिलावर अवलंबून असतो. त्या तरुणाला दोष देणे सोपे आहे. पण त्याला शिकवले कोणी? १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात सनदेपूर्वी उमेदवारीचे प्रशिक्षण होते. १९७३ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. १९९५ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून वर्षभराचे प्रशिक्षण पुन्हा आणले. १९९९ साली सुधीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कौन्सिलला तसा अधिकार नाही म्हणून, ते नियम रद्द केले. प्रशिक्षण इष्ट आहे, संसदेने कायदा करावा, असेही न्यायालयाने त्याच निकालात सुचवले होते. त्याला पाव शतक उलटून गेले. २०११ पासून सनदेसाठी एक परीक्षा घेतली जाते, तीही पुस्तकी आणि एकदाच. त्यानंतर वकिलाने उभ्या हयातीत एकही तास शिकलेच पाहिजे असे कोणतेही बंधन देशव्यापी नियमांत नाही. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी पुढे चालू ठेवण्यासाठी पाच वर्षांत तीस गुणांचे सातत्यशिक्षण दाखवावे लागते. माणसाच्या शरीराला जे संरक्षण आहे ते त्याच्या स्वातंत्र्याला नसावे?

मग वकील शिकतो कोठे? सीनियरच्या हाताखाली. आणि सीनियर कोणाला मिळतो? ज्याचे वडील वा काका वकील आहेत, ज्याला दोन-तीन वर्षे बिनकमाईचे काढता येतात, ज्याची पुण्यात राहण्याची सोय आहे त्याला. शेतमजुराचा, भटक्या-विमुक्तांचा, दलिताचा मुलगा किंवा मुलगी मोठ्या कष्टाने कायद्याची पदवी घेऊन इंदापूर-बारामतीच्या न्यायालयात येते, तेव्हा पहिल्या दिवसापासून पोटासाठी मिळेल ते काम घ्यावे लागते. म्हणजे प्रशिक्षणाच्या अभावाचा फटका दोन्हीकडून एकाच वर्गाला बसतो: आरोपीच्या पिंजऱ्यातल्या गरिबाला आणि काळ्या कोटातल्या गरिबाला. हुशारीची वाण नाही. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकावरून चाललेल्या खटल्यात जेधे-जवळकरांची अपिलात सुटका करून आणणारे बॅरिस्टर आंबेडकर हे महार समाजातले होते. पण ते तेथवर पोचले तेव्हा त्यांच्यामागे कोलंबिया, लंडन आणि ग्रेज इन होते. प्रत्येकाला बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून तर सार्वजनिक संस्था लागतात.

'गुन्हेगारांच्या वकिलांना सरकारच्या पैशाने कशाला शिकवायचे?' असा प्रश्न गावच्या पारावर विचारला जाईल. त्याला उत्तर असे की जोवर निकाल लागत नाही तोवर तो गुन्हेगार नसतो, आणि नाशिकच्या त्या प्रकरणात दुबळ्या बचावाने बळी पडलेल्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, कारण खरे हल्लेखोर मोकळे राहिले. दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे आणि तो वकिलांकडूनच येतो. सरकारने शिकवलेला वकील सरकारशी भांडेल काय? जे न्यायाधीश त्याच्यापुढे बसतात त्यांनीच त्याचा वर्ग घ्यावा काय? ही भीती खोटी नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांत पाहुण्यांचे सत्कार आणि दीपप्रज्वलन ह्यांतच दुपार सरते, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण औषध कडू आहे म्हणून रोग्याला उपाशी ठेवावयाचे नसते. पैसा शासनाचा, आखणी मात्र अनुभवी फौजदारी वकिलांची, त्यांत तुरुंगात जाऊन काम केलेले कार्यकर्ते व न्यायवैद्यक जाणणारे डॉक्टर, अशी रचना अशक्य नाही. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्यानंतर ठाण्यात जाऊन आरोपीला सल्ला देणाऱ्या वकिलांची पाळीची पद्धत सुरू झाली आणि त्यासाठी वेगळी पात्रता तपासली जाऊ लागली. अमेरिकेत मिनेसोटा व आयोवा ह्या राज्यांनी १९७५ मध्येच वकिलांना सातत्यशिक्षण सक्तीचे केले. तेथील वकिली त्यामुळे सरकारची बटीक झाली असे कोणी म्हणत नाही.

येथे सक्तीचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. परीक्षा नापास झाला म्हणून तालुक्यातल्या वकिलाची सनद काढून घेणारी सक्ती नको. ती पुन्हा त्याच वर्गावर उलटेल. सक्ती असावी ती मोफत वकिलांच्या यादीत नाव घालण्यासाठी, आणि त्या शिक्षणाचा खर्च व त्या दिवसांचे मानधन देण्याची सक्ती शासनावर. वर्ग पुण्याच्या सभागृहात नकोत, तालुक्याच्या बाररूममध्ये हवेत. विषय थोडे व नेमके हवेत: पहिली कोठडी, मुदतीचा जामीन, पंचनाम्याचा उलटतपास, झडतीचे नव्या संहितेने आवश्यक केलेले चित्रण तपासणे, मोबाइलमधल्या पुराव्याचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा. व्याख्यानापेक्षा खोटा खटला उभा करून केलेला सराव दहापट उपयोगी. आणि १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू असल्यामुळे दोन्ही कायदे हाताशी ठेवण्याची सवय पुढली अनेक वर्षे मोडून चालणार नाही.

ह्या कामाचा एक भाग कार्यकर्त्यांच्या हातातला आहे. निरवांगीत माणूस उचलला गेला की सर्वांत आधी कळते ते गावातल्या कार्यकर्त्याला. उचलल्याची वेळ, गाडी, पोलिसांची नावे, पाहणाऱ्या दोघा-चौघांची नावे हे सारे त्याच रात्री वहीत लिहून ठेवणे, आधारकार्ड, रेशनकार्ड वा शाळेचा दाखला शोधून ठेवणे, विधी सेवेच्या १५१०० ह्या क्रमांकावर कळवणे आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या न्यायालयात ती वही घेऊन हजर राहणे, एवढे झाले तर नवख्या वकिलाच्याही हातात हत्यार येते. मोर्चा त्यानंतर काढता येतो. ह्या भागातल्या शाखांनी इंदापूर व बारामती येथील वकील संघांशी आणि तालुका विधी सेवा समित्यांशी बोलून महिन्याच्या दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी, न्यायालय बंद असताना, बाररूममध्ये असा पहिला वर्ग भरवण्याची लेखी मागणी करावी. पहिल्या वर्गाचा विषय दरोड्याच्या तयारीचे कलम व एकसष्टावा दिवस हाच ठेवावा, आणि वर्गाला येताना वकिलांनी आपल्याकडची, येरवड्यात अद्याप अडकलेल्या माणसांची प्रकरणे बरोबर आणावीत.